हळदीची पट्टी

आयुष्यात मी सगळ्यात जास्त ऋणी कुणाचा असेन, तर लष्कर मोहल्ल्यातल्या रंगारी काकांचा. ते माझ्या नात्यातले नव्हेत. बेळगावपलीकडच्या आमच्या लहान गावातून मी म्हैसूरला इलेक्ट्रॉनिक्स शिकायला आलो, तेव्हा राहायला जागा नव्हती. वडील तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर होते. आमच्या घरात सातवीपुढे कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेज म्हणजे काय, तिथे मुलगा राहतो कुठे, जेवतो कुठे, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. काकांनी आपल्या दुकानावरची खोली मला दिली आणि पदवी मिळेपर्यंत मी तिथेच राहिलो. काकू दोन वेळा जेवायला हाक मारायच्या आणि मी खाली उतरायचो, इतकं ते साधं होतं. त्यामुळे ते किती मोठं होतं हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

एकच गोष्ट सांगतो. नोकरीच्या मुलाखतीला जायचं ठरलं तेव्हा माझ्याकडे एकच काळी पँट होती आणि ती धुऊन धुऊन राखाडी झाली होती. मी काही बोललो नव्हतो. आदल्या दिवशी दुपारी दोरीवर बघतो तर पँट गायब. काकांनी मागच्या अंगणात जुनं पातेलं चुलीवर ठेवलं होतं आणि ते काठीने माझी पँट ढवळत होते. म्हणाले, "आमच्या वाडवडिलांनी राजवाड्यातले पडदे रंगवले म्हणतात. खरं खोटं देव जाणे. तुझी पँट मात्र मी रंगवली, हे तू सांगू शकतोस."

ती नोकरी मला मिळाली. म्हैसुरातल्याच हेब्बाळच्या कंपनीत अजून आहे.

काकांचं घराणं रंगाऱ्यांचं. म्हैसुरात येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. घरात मराठी, पण वाक्याचं शेपूट कन्नडमध्ये. रंगाचं काम त्यांच्या तरुणपणीच बसलं. अंगणातले हौद बुजवून वर फरशी घातली आणि पुढच्या खोलीत काकांनी दुरुस्तीचं दुकान थाटलं. आधी बॅटऱ्या आणि ट्रान्झिस्टर, मग सायकलचे डायनॅमो. मी शहराच्या कडेला बोगादीला राहायला गेलो आणि तिथल्या सायकलवाल्यांच्या गटात सामील झालो, तोवर त्यांच्याकडे येणारं काम जवळजवळ थांबलं होतं. सकाळी दुकान उघडायचं, फडका मारायचा, पेपर वाचायचा.

आमच्या गटातले लोक पहाटे निघायचे, म्हणून मागचा लाल दिवा सगळ्यांना लागायचा. त्याशिवाय हँडलवर वेग आणि अंतर दाखवणारं मीटर, छातीचे ठोके मोजणारा पट्टा. या सगळ्यांत सेल असतात आणि सगळी दुखणी बहुतेक एकाच जागी असतात, जिथे सेल पत्रीला आणि स्प्रिंगला टेकतो तिथे. पावसाचं पाणी जातं. पट्ट्यात घाम जातो आणि त्याचं मीठ साचतं. सेल विसरला की तो पाझरतो आणि स्प्रिंगवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. लोक म्हणतात दिवा बिघडला. दिवा बिघडलेला नसतो.

असा एक बंद दिवा मी काकांकडे नेला. चार दिवसांनी तो लागला. मग दुसरा, मग पाच. मग असा नेम झाला की दर दुसऱ्या शनिवारी मी गटातले दिवे आणि मीटरं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गोळा करून लष्कर मोहल्ल्यात न्यायचो आणि पुढच्या शनिवारी परत आणायचो. काकांच्या दुकानाची फळी पुन्हा भरलेली दिसू लागली. काकू म्हणायच्या, "दिव्यांना न्हाऊमाखू घालतात. न्हाणीघरातला बल्ब जाऊन महिना झाला, तो काही यांच्या हातून बदलत नाही."

"त्या बल्बला कुठं रस्त्यावर जायचंय," काका म्हणायचे.

काकांची रीत मी कितीदा तरी पाहिली होती. पाहिली होती असं मला वाटत होतं, हे जास्त खरं. ते दिवा उलटा धरायचे आणि जुन्या दात घासायच्या ब्रशाने पांढरा चुरा कोरडाच झाडायचे, म्हणजे तो आत न जाता खाली पडेल. मग काडीला कापूस गुंडाळून, लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात बुडवून फक्त स्प्रिंग पुसायची. बारीक फेस यायचा. मग साध्या पाण्याची काडी. आणि मग ती गोष्ट, जी मी दुसऱ्या कुठल्याही दुकानात पाहिली नाही. काकांकडे एका डबीत हळदीत रंगवून सावलीत वाळवलेल्या धोतराच्या बोटभर पट्ट्या असायच्या. एक पट्टी जराशी ओली करून ते स्प्रिंगवर दाबायचे आणि उजेडात धरायचे. लाल ठिपका उमटला तर पाझरलेला खार अजून शिल्लक आहे, पुन्हा लिंबाचं पाणी. पिवळी राहिली तर झालं. हळदीच्या डागावर साबण पडला की तो लाल होतो हे आपल्या सगळ्यांना घरी ठाऊक असतं, पण मी चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकून ते कधी या कामाला लावलं नव्हतं.

"हे आमच्या आजोबांचं," काका म्हणाले होते. "सूत सोड्यात उकळायचं. सोडा पुरता धुतला नाही तर पुढचा रंग बिघडणार. मग हळदीचा दोरा लावून बघायचे. लाल झाला की पोरांना परत नदीवर हाकलायचे. सुम्ने अंदाज नाही करायचा."

सुम्ने म्हणजे उगाच. हा शब्द ते दिवसातून पन्नास वेळा वापरायचे.

शेवटी पेट्रोलियम जेलीचं एक बोट. ती जेली एका चपट्या डबीत असायची आणि त्याच बोटाने हळदीच्या पट्ट्या हाताळत असल्यामुळे पिवळट झालेली असायची. ती डबी मी शेकडो वेळा पाहिली असेल.

वर्षातला सगळ्यात जास्त कामाचा आठवडा दसऱ्यानंतरचा. आयुधपूजेला आमच्या गटातले लोक सायकल धुऊन पुसून तिला हार घालायचे आणि गंधाची, कुंकवाची बोटं लावताना दिव्यालाही लावायचे, मीटरलाही लावायचे. एकाने तर मीटरचं झाकण उघडून आतल्या बटण सेललाच कुंकू लावलं होतं, आतल्या यंत्राची पूजा राहायला नको म्हणून. ओलं कुंकू पत्रीवर वाळलेलं. काका भिंगातून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "भक्ती उदंड. दिवा मंद."

अशी पाच-सहा वर्षं गेली. या काळात माझं लग्न झालं, मुलगी झाली, वडील गेले. हेब्बाळची बस सकाळी लवकर धरायची, संध्याकाळी बोगादीला उतरायचं, आणि शनिवारी तो डबा. खरं सांगायचं तर पुढे पुढे डब्याचा मला कंटाळा यायला लागला. गटातले लोक दिवा माझ्या हातात ठेवून मोकळे व्हायचे. कुणाचा कोणता हे चिठ्ठ्या लावून लक्षात मी ठेवायचं. लष्कर मोहल्ल्यात गाडी लावायला जागा नसते. काकांकडे गेलं की काकू बसवून घेणार, खायला देणार, आणि मग मला उठवत नसे. जाताना दमलेला जायचो आणि येताना आणखी दमलेला यायचो. ज्यांच्या उपकाराखाली आपण आहोत त्यांच्याकडे जायचा कंटाळा येतो, याची लाजही वाटायची. त्या लाजेनेही माणूस थकतो.

एका शनिवारी काकांच्या हातून एक दिवा खाली पडला. त्यांनी तो उचलला आणि तेव्हा मला दिसलं की त्यांचा उजवा हात थरथरतोय. काडीवरचा कापूस स्प्रिंगला लागायच्या आधी दोनदा हवेत हलला. काकांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि काम पुरं केलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी प्रथमच डब्यातले दिवे उघडून पाहिले. इतक्या वर्षांत कधी उघडले नव्हते. प्रत्येक स्प्रिंगवर एक पिवळट, चिकट थर. मला वाटलं, हाच तो खार, काकांच्या हाताला आता पुसता येत नाही. मी पॉलिश पेपरचा तुकडा घेतला आणि एकेक पत्री लखलखीत होईपर्यंत घासली. अकरा दिवे होते. रविवारची दुपार गेली, बोटं हुळहुळली. बायको म्हणाली, "हे त्यांनी करून दिलंय ना? मग तुम्ही काय करताय?" मी म्हणालो, "त्यांना कळू न देता करतोय." मला त्या वाक्याचं समाधान वाटलं, हे इथे लिहिलं पाहिजे. वाटलं, चार वर्षांच्या जेवणाचं थोडं तरी फेडतोय.

मग तोही नेम झाला. काका साफ करायचे, मी डबा घरी आणायचो आणि पुन्हा साफ करायचो.

दोनेक महिन्यांत तक्रारी येऊ लागल्या. दिवा खड्ड्यात गेला की विझतो. मीटर मध्येच शून्यावर येतं. पूर्वी एकदा साफ केलेला दिवा वर्षभर बघायला लागत नसे, आता तेच दिवे तिसऱ्या आठवड्यात परत यायला लागले. मी ते पुन्हा काकांकडे नेले. काकांनी पहिला दिवा उघडला, भिंग डोळ्याला लावलं आणि दिवा उजेडाकडे वळवला.

"हे कुणी घासलं रे?"

"काय?"

"हे बघ. रेघा. पॉलिश पेपर मारलाय कुणीतरी. वरचा मुलामा गेला की खाली काय, साधं लोखंड. गंजणार नाही तर काय करणार."

मी म्हणालो, "लोक घरी करत असतील काका."

"सांग त्यांना. साकु म्हणावं, पुरे, येवढी माया नको."

मी बरं म्हणालो आणि डबा उचलला. घासल्याने दिवे जातात हे मला खरं वाटलं नव्हतं, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. मला वाटलं, काका म्हातारे झालेत आणि हाताचा दोष दुसऱ्यावर ढकलतायत. त्यांना कसं दुखवायचं म्हणून मी गप्प बसलो. पुढच्या रविवारी पेपर आणखी बारीक घेतला, एवढाच फरक केला.

त्यानंतर एका पहाटे, उजाडायच्या जरा आधी, रिंग रोडवर आमच्यातल्या एकाचा मागचा दिवा विझला. त्याला ते कळलं नाही. मागून आलेला लोखंडाच्या सळया नेणारा टेम्पो त्याच्या कोपराला हवा लागेल इतक्या जवळून गेला. कुणाला काही झालं नाही. पण नेहमीच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांनी आधी आपापले मागचे दिवे लावून बघितले.

आमच्या गटाची सगळी व्यवस्था एक मॅडम बघायच्या. बँकेत अधिकारी, बोलणं मोजकं. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि कन्नडमध्ये विचारलं, "हा दिवा कधी साफ झाला होता?"

"मागच्या महिन्यात," मी म्हणालो.

"आणि तरी विझला. हा कितवा? सहावा?" मग जरा थांबून, "तुमच्या काकांना आता दिसतं ना नीट?"

मी तेव्हा पुष्कळ काही म्हणू शकलो असतो. म्हणालो ते हे: "दिसतं. पण हात थरथरतो त्यांचा."

पंधरा जणांनी ते ऐकलं. मॅडमनी मान हलवली. "मग त्यांना त्रास नको द्यायला. वय झालं. सगळ्यांनी चार्जिंगचे नवीन दिवे घेऊ." कुणीतरी म्हणालं, बरोबर आहे, आणि विषय संपला. मला दुःख झालं आणि त्याच वेळी पुढचा शनिवार मोकळा मिळणार म्हणून हलकंही वाटलं. दोन्ही खरं.

काकांना सांगायला मी रिकाम्या हातांनी गेलो. डबा नाही हे त्यांनी आधी पाहिलं.

"लोकांनी नवीन दिवे घ्यायचं ठरवलंय काका. चार्जिंगचे. त्यात सेलच नाहीत."

"हं. आणि जुने?"

"जुने बंद पडायला लागले ना."

"माझ्याकडून गेलेले?"

काका आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. तो त्यांनी मांडीखाली घेतला, लहान मूल घेतं तसा.

"आयतु," ते म्हणाले. आयतु म्हणजे झालं, संपलं. "माझ्याच्यानं होत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं. कुणाला लागलं-बिगलं नाही ना?"

"नाही."

"मग झालं."

काकू आत भांडी लावत होत्या. त्या दिवशी त्यांनी काहीच टोमणा मारला नाही.

उठताना काकांनी फळीवरची हळदीच्या पट्ट्यांची डबी माझ्या हातात दिली. "तू ठेव. तुझा तर धंदाच आहे हा." मी ती घरी आणून कपाटात टाकली. महिन्याभरात त्यांनी दुकान बंद केलं. त्यांची मुलगी शिवमोग्ग्याला असते. ती येऊन दोघांना घेऊन गेली. सामान टेम्पोत चढवायला मी गेलो होतो. काका पुढच्या सीटवर बसले होते आणि वाटेत लागेल म्हणून काकूंनी बांधलेला लिंबाचा भात, चित्रान्न, मांडीवर घट्ट धरून होते.

फोनवर बोलणं जमत नसे, कारण त्यांना ऐकू कमी येतं. काकूंकडून कळायचं. सकाळी उठतात, आवरतात आणि बाल्कनीत बसतात. पेपरही वाचत नाहीत. मुलीने एकदा टॉर्च दुरुस्त करायला दिली, तर म्हणाले, नको, माझ्याकडून बिघडेल.

यानंतर सातआठ महिन्यांनी मॅडमनी एका रविवारी टपरीवर आपला जुना लाल दिवा बॅगेतून काढला. नवा दिवा चार्ज करायला विसरल्या होत्या. "हा मात्र अजून कसा चालतो कोण जाणे," त्या म्हणाल्या. "तुमच्या काकांनीच केलाय. तुम्ही गावाला गेला होता बघा तेव्हा. माझी शाखा तिथून जवळ, मीच परस्पर दिला आणि परस्पर आणला."

मी तो दिवा एक दिवसासाठी मागून घेतला.

दुपारी जेवण झाल्यावर टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. एका बाजूला मॅडमचा दिवा, दुसऱ्या बाजूला मी घासलेल्यांपैकी चार, जे लोकांनी मलाच देऊन टाकले होते. मॅडमचा उघडला. तोच पिवळट थर. बोट फिरवलं तर बोट गुळगुळीत झालं. खार असा नसतो. खार खरखरीत असतो. ती जेली होती, काकांच्या डबीतली, हळदीच्या बोटाने पिवळी झालेली. कापसाने ती पुसली तर खालची स्प्रिंग नवी असल्यासारखी. मग माझे चार उघडले. रेघा आणि रेघांतून गंज.

कपाटातून पट्ट्यांची डबी काढली. एक पट्टी ओली करून मॅडमच्या दिव्याच्या स्प्रिंगवर दाबली. पिवळी. तीच पट्टी दुसऱ्या टोकाने माझ्या पहिल्या दिव्याला लावली. स्प्रिंगच्या बुडाशी लाल रेघ उमटली. दुसऱ्यालाही. काकांची जेली मी घासून काढलेली, मग लोकांच्या हातून सेल पुन्हा पाझरले तेव्हा खार उघड्या लोखंडात शिरलेला. वरून घासलेलं, बुडाशी खार. काकांच्या आजोबांनी मला नदीवर परत पाठवलं असतं.

मुलगी येऊन पट्टी बघून गेली, रंग कसा बदलला विचारून गेली. मी तिला नीट सांगितलं. सांगताना कळलं की मला सगळं येत होतं. फक्त काकांच्या हातावरचा विश्वास गेला होता आणि आपल्या पदवीवरचा जास्त झाला होता.

पुढच्या रविवारी टपरीवर मी सगळ्यांना सांगितलं. तयारी करून गेलो होतो, पण प्रत्यक्षात दोनतीन वाक्यांतच आटपलं. एकजण म्हणाला, "म्हणजे आमचे दिवे तुम्ही मारले." मी हो म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा."

फोनवर त्यांना ऐकू येणार नाही आणि ही गोष्ट काकूंच्या तोंडून जायला नको होती. म्हणून पत्र लिहिलं. काकांचं शिक्षण कन्नड शाळेत झालं. मराठी बोलतात, पण देवनागरी वाचायला त्यांना जड जातं. मी पत्र मराठीत पण कन्नड अक्षरांत लिहिलं. कन्नड मला शाळेत सक्तीचं होतं आणि तेव्हा मी त्याच्यावर फार चिडायचो. तीन वेळा लिहून फाडलं. चौथ्यांदा जे पाठवलं ते इथे देवनागरीत उतरवतो.

काका,

तुम्हाला आणि काकूंना नमस्कार. आम्ही तिघं बरे आहोत. मुलीला आता दोन चाकांची सायकल येते.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तुम्ही विचारलं होतं की दिव्यांच्या पत्र्या कुणी घासल्या. मी म्हणालो लोकांनी. ते खोटं होतं. मी घासल्या. तुमच्याकडून डबा आणला की रविवारी दुपारी घरी बसून मी सगळ्या पुन्हा घासत होतो. तुमची जेली मला खार वाटली. तुमच्या हाताला कंप आहे हे पाहिलं आणि काम राहिलं असणार असं धरून चाललो. पट्टी लावून बघितली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. सुम्ने अंदाज केला.

दिवे त्यामुळे गेले. तुमच्यामुळे एकही गेला नाही. बँकेतल्या मॅडमचा दिवा माझ्या हातात कधी आला नव्हता, तो अजून लागतो. तो उघडून बघितला तेव्हा मला हे कळलं. तुमची पट्टी लावली, पिवळी राहिली. मी घासलेल्यांना लावली, लाल झाली.

तुमचा हात थरथरतो असं मी टपरीवर सगळ्यांसमोर म्हणालो होतो. त्यावरूनच तुमच्याकडचं काम बंद झालं. तुम्हाला मी हे सांगितलं नव्हतं. मागच्या रविवारी त्याच लोकांसमोर खरं काय ते सांगितलं. तुम्ही मुलीची टॉर्च उघडायला नको म्हणालात, असं काकूंकडून कळलं. ते ऐकून मला जे झालं ते लिहिता येत नाही. तुमच्याकडून काही बिघडलेलं नाही, काका. तुम्ही हात मांडीखाली घेतला होता, तेव्हाच मी बोलायला हवं होतं.

तुम्ही तेव्हाच ओळखलं होतं का, हे मला माहीत नाही. ओळखूनही गप्प राहिला असाल तर मला जास्त वाईट वाटेल, पण विचारणार नाही.

नवीन चार्जिंगच्या दिव्यांना लोक कंटाळलेत. चार्ज करायला विसरतात. मॅडम विचारत होत्या की जुने तुमच्याकडे पाठवले तर कराल का. मी हो किंवा नाही काही सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं. घाई नाही, महिन्याला दोन केलेत तरी चालेल, असं त्या म्हणाल्या. मनगट धरून करता तसं करा.

घासलेल्या चारांचं काही होण्यासारखं नाही, ते मी ठेवून घेतलेत. पट्ट्या सात उरल्यात. नवीन मला करता येत नाहीत. मी केली ती वाळल्यावर ढग आल्यासारखी डागाळली. हळद किती, आणि कापड आधी कशात धुवायचं, ते शिकवा.

दुसऱ्या शनिवारी सकाळच्या बसने शिवमोग्ग्याला येतो. डब्यात सहा दिवे आणि छातीचे दोन पट्टे आहेत. नको म्हणालात तर काकूंच्या हातचं खाऊन परत येईन. ज्याचा दिवा त्यानेच तो माझ्यासमोर डब्यात ठेवला. त्यातलं एकही झाकण मी उघडलेलं नाही.

तुमच्या वरच्या खोलीतला